ऑपरेशन झालेली बाई

गावात मोबाईलची रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळते, त्यामुळे माझ्या भावाचा फोन आला की त्याच्या आवाजाआधी वारा ऐकू येतो. त्या सकाळी वारा बराच वेळ ऐकू आला. मग भाऊ म्हणाला, "शकुन गेली..." वहिनीला ताप आहे हे मला माहीत होतं. तालुक्याच्या दवाखान्यातून तिला गडचिरोलीला आणायचं ठरलं होतं, मी इकडे पलंगावर धुतलेली चादर घालून वाट बघत होते. मेंदूवर चढलेला मलेरिया, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या जिल्ह्यात हे कारण ऐकून कुणी दचकत नाही. आमच्या घरात मात्र ते पहिल्यांदा आलं.

आता तेरवी होऊन गेली, पाहुणे आपापल्या गावी गेले. येणारा प्रत्येक जण तिला देवमाणूस म्हणून गेला. ती देवमाणूस नव्हती. हट्टी होती. मासळीचा रस्सा इतका तिखट करायची की जेवणाऱ्याचं नाक वाहू लागे. एखाद्याचं बोलणं पटलं नाही की ऐकूच आलं नाही असं दाखवायची. माहेर सिरोंच्याकडचं, गोदावरीवर मासेमारी करणाऱ्यांचं, त्यामुळे राग आला की तेलुगूत पुटपुटायची आणि आम्ही अर्थ विचारला की म्हणायची, "काई नाई, देवाचं नाव घेऊन राह्यली." मला ती आवडायची ती या सगळ्यासकट. मी गडचिरोलीत शाळेत शिकवायची, एकटी राहायची. घरातलं कुणी माझ्याशी मोकळं बोलत असेल तर ती एवढीच.

तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगायची तर मी तिच्या ऑपरेशनची सांगेन. नव्वद सालानंतरची, रूपाच्या जन्माची. वहिनीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न करता आमच्याकडेच करायचं ठरलं. कळा सुरू झाल्यावर दाई आली, तिने पोटावर हात फिरवला आणि मूल पायाळू आहे म्हणाली. हात लावायलाही ती तयार होईना, आणि त्यात तिचं शहाणपणच होतं. बैलबंडी, मग पाटलाची जीप, असं करत भावाने वहिनीला गडचिरोलीत एका डॉक्टरबाईंच्या प्रसूतिगृहात आणलं. पोटावर छेद घेऊन मुलगी काढली. दोघी वाचल्या. पण टाका पिकला. वहिनी कितीतरी दिवस खाटेवर होती आणि मूल रडलं तर उचलून द्यायला दुसरं कुणीतरी लागायचं. दुखणं ती विसरली, हे मात्र कधी विसरली नाही. "माह्यं लेकरू अन् मलेच मांगून घ्या लागे," असं पुढे कितीदा म्हणाली असेल.

भाऊ गावात परतला तेव्हा लोकांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, ऑपरेशन झालं. इथेच घोळ झाला. आमच्याकडे ऑपरेशन या शब्दाला एकच अर्थ आहे. हिवाळ्यात कुटुंबनियोजनाचं शिबिर लागतं, बाया जीपमध्ये बसून जातात, आडव्या होऊन परत येतात, त्याला ऑपरेशन म्हणतात. पोट कापून मूल काढणं म्हणजे सिझर. पण भावाच्या कानावर दवाखान्यात ऑपरेशन हाच शब्द पडला होता, त्याने तोच गावभर वाटला. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं की एका पोरीवरच शकुनचं ऑपरेशन करून टाकलं. आमच्या आईने तर पदर डोळ्याला लावला. काही दिवसांनी भावाला हा प्रकार उमगला आणि तो खुलासा करायला निघाला, तर वहिनीनेच त्याला अडवलं. "राहू द्या ना," ती म्हणाली, "आता कोनी पोरगा कवा, पोरगा कवा, असं इचारत नाई." पुढची काही वर्षं तिने त्या गैरसमजाच्या सावलीत सुखात काढली. भाऊही गप्प बसला. बायकोच्या बाजूने गप्प बसणं त्याला जमायचं.

दरम्यान रूपाला मात्र काम लागलं होतं. पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे धानाच्या रोवणीच्या दिवसांत वाकून वाकून पाठ धरलेली माणसं आमच्या अंगणात पालथी पडायची आणि रूपाला त्यांच्या पाठीवरून चालवत नेलं जायचं. त्यावरही वाद झाला. जी पोटातून काढली ती पायाळू कशी, असं एका म्हाताऱ्याचं म्हणणं. शेवटी भावाने सांगितलं की पोटातूनही आधी पायच बाहेर आला होता, तेव्हा तो म्हातारा समाधानाने पालथा झाला.

आणि मग वहिनीला पुन्हा दिवस गेले. गावाला धक्काच बसला. ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस कसे जातात? कुणी म्हणे ऑपरेशन फेल गेलं, कुणी त्याहून वाईट काही म्हणत असतील, ते आमच्यापर्यंत आलं नाही. शेवटी भावाने आईला खरं काय ते सांगितलं. आई आधी चिडली, मग खूश झाली, आणि लगेच कामाला लागली. पहिलं पायाळू आलं, हे सरळ येईल, दाईच्या हातून घरीच करू, असं तिने ठरवून टाकलं. भावाने पहिल्या वेळचं रक्त पाहिलेलं. तो म्हणाला, काही नाही, तारीख घेऊन आधीच पोट कापून मूल काढायचं, कळांची भानगडच नको. दोघंही आपापल्या जागी ठाम होते, आणि दोघांच्याही पोटात तिची काळजीच होती, हे मला आज दिसतं.

मार्कंड्याच्या जत्रेत वहिनी मला भेटली. देवळातून निघून आम्ही वैनगंगेच्या रेतीत बसलो होतो. रूपा पाण्याकडे पळत होती आणि भाऊ तिच्यामागे. वहिनी चुरमुरे खात खात, बाजारहाटाचं बोलावं तशी बोलली.

"बाई, दोघंयबी माह्या पोटाचं ठरवून राह्यले. मले पुन्हा फाडून घ्याचं नाई, अन् घरी मराचंबी नाई. काई मधला रस्ता असन तर पाहा."

मग तिने खरी भीती सांगितली. दुसऱ्यांदा पोट उघडलं की त्याच वेळी आतून नळ्या बांधून टाकतात, बाहेर नवऱ्याला विचारतात आणि बाईला शुद्धीवर आल्यावर कळतं, असं तिच्या कानावर आलं होतं. कुठे, कुणाचं, ते तिला सांगता येईना. ऐकीव असेल. पण ज्या शब्दाच्या आडोशाला ती इतकी वर्षं बसली होती, तोच आता खरा होऊन तिच्या नकळत अंगावर येईल, याने तिची झोप उडाली होती. मुलं किती हवीत हे तिने ठरवलं नव्हतं. ठरवायचं आपण, एवढं ठरवलं होतं.

मी तिला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बरोबर आई आणि भाऊ आलेच. तपासणी झाल्यावर दोघंही एकदम बोलू लागली, तेव्हा बाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. आई उठेना. बाईंनी दार धरून ठेवलं, तेव्हा उठली. मग बाईंनी वहिनीला नीट समजावलं. पहिल्या वेळी पाय खाली होते म्हणून कापावं लागलं होतं. या वेळी डोकं खाली आलं तर ती अडचण नाही. गर्भाशयावरचा छेद त्यांनी स्वतःच घेतलेला, खाली, आडवा, त्यामुळे आपोआप बाळंत होण्याचा प्रयत्न करता येईल. पण कळांच्या जोराने जुना टाका आतून उसवू शकतो. क्वचित होतं, झालं तर मात्र दोन्ही जिवांवर बेततं आणि लगेच पोट उघडावं लागतं. म्हणून घरी नाही, गावात नाही, इथेच. तारीख घेऊन सिझर केलं तर ती धास्ती जवळपास राहत नाही. पण पुन्हा जखम, पुन्हा पिकण्याची भीती, आणि पुढच्या प्रत्येक वेळी कापणं अवघड होत जातं. दोन्ही रस्ते चांगले आहेत, बाई म्हणाल्या, फुकटचा एकही नाही.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फाडा लागलंच, तं तवाच बांधूनबी टाकान का?"

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. "तू सांगितल्याशिवाय नाही," म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याने सांगितलं तरी नाही."

"मंग पाहू सरळ होते का. नाई झालं तं फाडा."

एवढ्यावर तिचा निर्णय झाला. पण तो पाळायचा तर गावाचा नाला भरण्याआधी शहरात येऊन राहायला हवं होतं, म्हणजे ऐन रोवणीत. घरातले दोन हात कमी होणार, आणि तेही जिचं अजून काही दुखत नाही अशा बाईचे. आईने बोलणंच सोडलं. वहिनीला ते लागलं, मला माहीत आहे. तरी ती रूपाला घेऊन माझ्या दोन खोल्यांत आली. माझे तांदूळ निवडले, माझ्या घरमालकिणीला तेलुगूत दोन शिव्या शिकवल्या, आणि त्या मालकिणीची कंबर धरली तेव्हा रूपाला तिच्या पाठीवर सोडलं. पाऊस लागला, नाला भरला, तिकडची खबर येईनाशी झाली. ती रोज संध्याकाळी दारात उभी राहून रोवणी कुठवर आली असेल याचा अंदाज करायची.

कळा एका सकाळी सुरू झाल्या. निरोप कसा पोचला कोण जाणे, दुपारपर्यंत भाऊ आणि आई डोंग्यातून नाला ओलांडून, गुडघाभर चिखलाने माखून दवाखान्यात हजर. बाईंनी मला आत थांबू दिलं होतं. दुपारनंतर कळा मंदावल्या. नर्सने बाहेर जाऊन सांगितलं की उशीर होतो आहे, तर भाऊ हात जोडून म्हणाला, कापा बाई, आता नका थांबू. त्याचा आवाज आत ऐकू येत होता. डॉक्टरबाईंनी बाळाचे ठोके ऐकले, ते नीट होते. शेजारच्या खोलीत कापायची सगळी तयारी करून ठेवलेली होती. त्यांनी वहिनीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि विचारलं, काय करायचं?

वहिनी घामाने निथळत होती. "टाक्याच्या जागी दुखून नाई राह्यलं," ती म्हणाली. "दुखलं तं लपवनार नाई, शपथ. आनखी थोडं पाहू."

बाई थांबल्या. आणखी थोडं म्हणजे फार होतं, मला तर त्या वेळाचा अंतच दिसेना. दर कळेला मी तिच्या तोंडाकडे बघायची, आता सांगेल, आता सांगेल... तिने सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही झालं नाही. उन्हं कलताना मुलगी झाली. सरळ, डोकं आधी. संध्याकाळी पाळण्यात मूल रडलं तेव्हा मी उठायच्या आत वहिनी खाटेवरून उतरली, चार पावलं चालली आणि तिने मुलीला स्वतः उचललं. कुणाकडे मागितली नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडले, आणि ते आनंदाचंच रडणं होतं.

दुसरीही मुलगीच, म्हणून आई दोन दिवस गप्प होती. पण पुढल्या हिवाळ्यात शिबिराची जीप आली तेव्हा वहिनी आपणहून जाऊन बसली. भावाला तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. गावात मोठी करमणूक झाली. हिचं तर झालं होतं ना, आता कशाचं? तेव्हापासून ती दोन डाव ऑपरेशन झालेली बाई म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि अनोळखी माणसाला ती स्वतःच तशी ओळख करून द्यायची.

पुढे आसपासच्या गावांतून बाया तिच्याकडे येऊ लागल्या. ज्यांचं पहिलं सिझर झालं आहे आणि दुसऱ्याचं काय करावं कळत नाही, अशा. ती कुणालाही माझ्यासारखंच कर म्हणाली नाही. वरून टाका पाहून आतला कळत नाही, डॉक्टरले इचार, असं सांगून शहरात धाडायची. कळांच्या नुसत्या नावाने घाबरणाऱ्या एका पोरीला तिनेच तारीख घ्यायला लावली आणि तिच्यासोबत दवाखान्यात राहिली. एक सवय मात्र होती. बाई कुणाबरोबरही येवो, सासू, नवरा, आई, बाकीच्यांना ती ओसरीवर बसवायची आणि बाईला एकटीला चुलीजवळ न्यायची. आत काय बोलणं व्हायचं ते बाहेर कधी आलं नाही.

गेल्या आठवड्यात मी गावी होते. पलीकडच्या टोलीवरच्या वस्तीतली एक सून सासूबरोबर आली. पोट दिसू लागलेलं. वहिनी गेल्याचं त्यांना फाटकातच कळलं, तशी सासू अंगणात उभ्या उभ्या आईलाच सांगू लागली की पहिलं कसं झालं, आता काय करायचं आम्ही ठरवलं आहे. आई आता फार थकली आहे. कानाने कमी ऐकते. तिने काठी टेकली, उठली आणि सुनेचा हात धरून तिला आत नेऊ लागली. सासूही मागोमाग निघाली, तर आईने काठीने ओसरी दाखवली.

"तू इथी बस."

"काऊन?" सासू म्हणाली. "मी तिची सासू हावो."

"म्हनूनच. मीबी बाहेरच बसली होती."

कमी ऐकू येत असल्याने आई मोठ्याने बोलते, त्यामुळे चुलीजवळचं पहिलं वाक्य मला बाहेर ऐकू आलं. "सांग माय, तुह्या मनात काय हाये?" माझ्या आईने आयुष्यात कुणाच्या उत्तरासाठी वाट पाहिलेली मला आठवत नाही. त्या दिवशी ती वाट पाहत बसली.