दोघी बहिणींची चादर

आमच्या आत्याला सगळे टाचणी म्हणत. अंगकाठी तशीच, आणि बोलणंही. गणवेशाच्या एका दुकानात ती खिशांवर शाळांची चिन्हं भरायची. दिवसभर तेच घुबड, तोच दिवा. "डोळे मिटून भरलं तरी घुबडच येईल," म्हणायची.

घरी आली की मात्र ती चादर काढायची. दोघी बहिणींनी मिळून भरायला घेतलेली ही चादर धाकटी लग्न होऊन समुद्रापार गेली तेव्हा अर्धवट राहिली होती. मग येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर ती इकडून तिकडे फिरू लागली. आत्या एखादी वेल भरून पाठवी. धाकटी तिकडच्या शेजारणींकडून शिकलेले टाके घालून परत पाठवी. त्या शेजारणीही देशोदेशीच्या. त्यामुळे कधी फुलीटाक्याचे लाल पक्षी यायचे, कधी पांढऱ्यावर पांढरी जाळी.

आत्या आधी चादर उलटी करायची. "सुलट बाजू जगाला दाखवायला असते. बाई कशी आहे ते मागून कळतं. हे बघ, इथं दोरा आवळलाय. सासूशी बिनसलं असणार."

एकदा चादर आली आणि आत्यानं ती उजेडात धरून पुन्हा पुन्हा उलटसुलट केली. पानं देठ सोडून भलतीकडे गेली होती, मागे दोऱ्यांचा नुसता गुंता. तिनं फोन लावला.

"डोळ्यांना काय झालंय तुझ्या?"

"कुठं काय, घाईत भरलं गं ताई."

"घाईत तू अशी भरत नाहीस."

पलीकडून हुंदका ऐकू आला.

जन्मात कधी गाव न सोडलेली आत्या विमानात बसली. धाकटीनं दार उघडलं, तिचा चेहरा हातांनी चाचपला आणि म्हणाली, "अजून वाळलीस की गं."

"आणखी वाळायला जागा होती होय?"

दोघी हसल्या आणि हसता हसता दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

तिथं असेपर्यंत रोज आत्या सुईत दोरा ओवून देई, कापडावर बोट ठेवून जागा दाखवी आणि धाकटी भरत बसे. कितीदा सुई बोटात घुसली, पण आत्यानं बोट काढलं नाही.

"राहतेस का इथंच?" धाकटीनं विचारलं. आत्याला राहायचंच होतं. पण व्हिसाची मुदत संपत आली होती. चादर तिनं तिकडेच ठेवली, बहिणीला चाचपायला.

आता दुकानातून आली की ती खिडकीशी बसते. "दुसरं काहीतरी घे ना भरायला," मी म्हटलं.

"घेईन की," म्हणाली, पण हात मांडीवरच राहिले. थोड्या वेळानं म्हणाली, "तिकडे आता उजाडलं असेल."