भाड्याची पावती आणि वैशालीचे मामा

बदलीची ऑर्डर एका कागदाची असते, तिच्यामागून येणारे किस्से मात्र ट्रकभर! सांगलीत टॅक्सची कामं करणाऱ्या काळे सरांच्या ऑफिसात मी बसते, त्यामुळे हा ट्रक दर जुलैत आमच्याच दारात रिकामा होतो.

नियम साधा आहे. बदली झाली की नोकरी देणारा सामान हलवायला भत्ता देतो. त्यातला जेवढा खरंच खर्च झाला तेवढ्यावर टॅक्स माफ, उरलेल्यावर भरायचा. म्हणून पावत्या आणा. बस्स! पण एवढं ऐकून गप्प घरी गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

*

लोणंदहून आलेल्या शिंदे साहेबांनी टेम्पोच्या दोन पावत्या दिल्या. एक सामानाची, दुसरी म्हशीची.

सर म्हणाले, "सूट घरसामानाला आहे हो. म्हैस सामानात कशी धरायची?"

"धरू नकाच," शिंदे म्हणाले. "तिला सामान म्हणल्यालं तिलाबी न्हाई आवडायचं!"

*

दुसऱ्या एकांनी पॅकिंगच्या खर्चात सत्यनारायणाची पूजा घातली होती. भटजींच्या दक्षिणेसकट! मला हसू आवरेना.

ते मात्र गंभीर. "आवं, पूजा झाल्याबिगर बायको खोकी सोडू देईना. मग पूजा पॅकिंगमदीच आली का न्हाई?"

सरांनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला.

*

पवार सुभेदार पलटणीतून रिटायर होऊन बँकेत सिक्युरिटीला लागले. बदली झाली तेव्हा एक ट्रंक घेऊन एसटीने आले. भत्ता बराच उरला. त्यावर टॅक्स भरा म्हटलं, तर त्यांनी उरलेली रक्कम परत घ्या म्हणून बँकेला अर्जच दिला!

मॅनेजर हैराण. "अहो, ती परत घ्यायला आमच्याकडे खातंच नाही!"

"मग उगडा," सुभेदार म्हणाले. "फौजेत आमी उरल्याली गोळीसुदिक जमा करत हुतो."

*

आणि वैशाली. कोरेगावहून सांगलीला आलेली बँक ऑफिसर. तिचं सामान मामांनी स्वतःच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत आणलं, डिझेलही त्यांचंच. वडील गेल्यापासून तिचं सगळं मामांनीच केलेलं.

सर म्हणाले, "तुझा खर्च झालाच नाही, तर सूट कशी मिळेल? मामांना भाडं दे, पावती घे."

तिने भाबडेपणाने मामांना तसं विचारलं. मामांनी फोन ठेवला तो ठेवलाच. महिनाभर बोलले नाहीत! ती आमच्याकडे येऊन रडली. "सूट गेली खड्ड्यात मॅडम, मामा बोलंनात." मलाही फार वाईट वाटलं.

आठवड्याने भर दुपारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ आत आले. चप्पल दारात काढली, खुर्चीवर बसले नाहीत.

"वैशालीचा मामा हाय मी. पोरीला टॅक्स किती बसला?"

सरांनी आकडा सांगितला. त्यांनी बंडीच्या खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

"ह्यो मी भरतो. पन मला भाडं घ्यायला लावू नगा."

मी वैशालीला फोन लावला आणि मामांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग म्हणाले, "जेवलीस का गं?"