न हसणारं ॲप

कुंभारीच्या आमच्या शाळेत निबंध तपासणारं ॲप आलं, तेव्हा सगळ्यांत आधी मी नाक मुरडलं. मी गणिताचा मास्तर. मशीननं बेरजा कराव्यात, पोरांच्या लिहिण्यात लुडबुड करू नये, असं माझं मत. मराठी शिकवणाऱ्या जुलेखा मॅडम मात्र खूश. भवानी पेठेतून स्कूटीवर येणारी ही बाई कशालाच घाबरत नाही. म्हणाल्या, "सर, एवढ्या पोरांचे निबंध मी एकटी किती वेळा वाचू? कच्चं ते वाचेल, पक्कं मी वाचेन."

त्यांचं खरं लक्ष पूनमवर होतं. अक्कलकोटकडच्या धनगराची ही पोर मावशीकडे राहून शिकत होती. आल्या आल्या तिनं वर्गात निबंध वाचला आणि तिच्या बोलीवर अख्खा वर्ग खिदळला. तेव्हापासून ती वही कुणाला दाखवीना. मॅडम जवळ गेल्या की वहीवर हात आडवा. अशानं पोरगी लिहिणंच सोडेल, हा घोर मॅडमना लागला होता.

"याला दाखव," त्यांनी तिच्यापुढं टॅब ठेवला. "याला हसता येत नाही."

पूनम लिहू लागली. विषय होता 'आमचा व्यवसाय'. ॲपनं विचारलं, लोक स्वतःच्या शेतात दुसऱ्याच्या मेंढ्या का बसवून घेतात? तिनं लेंडीखताचं सविस्तर लिहिलं. ॲप म्हणालं, हा परिच्छेद आधी घ्या. तो तिनं घेतला. काही सूचना ऐकल्या, काही धुडकावल्या. निबंध चांगलं बाळसं धरू लागला आणि माझं मुरडलेलं नाक सरळ झालं.

एके दुपारी ती स्टाफरूममध्ये आली आणि तिनं टॅब मॅडमच्या हातात दिला. "मॅडम, वाचा की. मोठ्यानं."

मॅडम वाचू लागल्या. "आप्पांनी हाक मारली की सगळ्या मेंढ्या धावत येतात. मी हाक मारली की फक्त आजी येते."

मॅडम एवढ्या जोरात हसल्या की कपातला चहा साडीवर सांडला. मीही हसलो. मग समोर कोण उभं आहे ते ध्यानात आलं आणि आम्ही दोघंही चपापलो.

पूनम मात्र जागची हलली नाही. "ॲप म्हणतंय, आजीचा विषयाशी संबंध न्हाय, हे वाक्य काढा. लई येळा म्हणालं. मी काढलंच न्हाय."

"का गं?"

"तुमी हसताय का बगायचं हुतं."