भर बाजारातला आरोप

मुलगी कल्याणला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, जुन्या ग्रीक भाषेत आरोप करण्याला एक क्रियापद आहे, कातेगोरेओ. म्हणजे भर चौकात, सगळ्यांसमोर एखाद्याविरुद्ध बोलणं. पुढे त्याचाच अर्थ झाला, एखादी गोष्ट काय आहे ते जाहीर करणं."

"बरोबरच आहे," मी म्हणालो. "आधी कोणी तरी ओरडतो, मग माणूस तसाच ठरतो."

मी कशाबद्दल बोलतोय ते तिला ठाऊक होतं.

मी बैलांचा व्यापारी. शहापुरात हाताशी काहीच नसताना धंद्याला सुरुवात केली, कोणाच्या शिफारशीवर नाही. आमचा सौदा उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून होतो. भाव तिसऱ्याला कळत नाही. तसाच एक बैल सिद्धगडाकडच्या शेतकऱ्याला दिला. हा जोडीत उजव्या बाजूलाच चालतो, हे बजावून दिला. पुढच्या बाजारी तो मुरबाडच्या बैलबाजारात मधोमध उभा राहून ओरडला, "ह्या शेठनं मला बसका बैल दिला! जू ठेवलं का बसतो! लबाड माणूस हाय!"

मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं, पण बघत राहिले माझ्याकडेच.

भातकापणी झाल्यावर तो बायकोला घेऊन घरी आला. पिशवीत नवा तांदूळ. बैल त्यानं डावीकडे जुंपला होता.

"चुकी झाली, शेठ. बाजू बदलली तर झकास चालतो."

"हे बाजारात सांग."

"तिथं कसा सांगू? माणसं हसतील ना मला."

"मला हसली तेव्हा?"

त्याची बायको म्हणाली, "भावजी, घरी आलो ना माफी मागायला? आता काय पाय धरू तुमचे?"

"पाय नकोत. जिथं बोलला तिथंच बोलू दे."

तांदूळ परत दिला. चहा मात्र माझ्या बायकोनं आधीच टाकला होता, तेवढा पिऊन दोघं गेले. बाजारात तो काही बोलला नाही.

शेवटी मीच बाजारात मोठ्यानं सगळी हकिगत सांगितली. माझं एक जुनं गिऱ्हाईक हसलं.

"शेठ, तुमी तर असंच बोलणार."

हा माणूस वर्षानुवर्षं माझ्या शब्दावर बैल नेत आलेला. त्या दिवशी नवा बैल घेताना म्हणाला, "आधी जुंपून चालवून दाखवा."

डोकं भणभणलं. तरी मी बैल जुंपला आणि चालवून दाखवला.