गाडीत गायलेलं गाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ते रेकॉर्डिंग मी केलं होतं, आणि त्यांना न विचारता.

ते म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचे एक अ‍ॅबोरिजिनल कलावंत, सत्तरीकडे झुकलेले. आयर्लंडभर वाचनालयांत, शाळांत फिरून आपल्या लोकांच्या गोष्टी सांगत आणि डिजेरिडू वाजवत. वाळवीनं पोखरलेल्या खोडाचं ते लांबलचक वाद्य घेऊन बसनं हिंडणं अवघड. म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी त्यांना आमच्या गावी, नावनला, आणायचं काम माझ्याकडे आलं. पुढचा दौराही मग मीच गाडीनं करवला. लोक म्हणाले, केवढी हौस! हौस कसली? बायको तिच्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली ती तिकडेच राहिली. मुलगी लिमरिकला शिकते, फोनवर ‘आय अ‍ॅम ग्रँड, बाबा’, म्हणजे मजेत आहे, एवढंच. शनिवार-रविवार मला खायला उठायचे.

गाडीत ते माझी फिरकी घेत. “लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिप बनवतोस म्हणे! आणि तुझा वायपर असा का रडतोय?”

एकदा एका गावात अंत्ययात्रा आडवी आली. आम्ही थांबलो. मी विचारलं, तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतात?

“त्याचं नाव घेत नाही. फोटो झाकून ठेवतो. त्याचा टेप केलेला आवाज वाजवत नाही, घरचे हो म्हणेपर्यंत.”

“का?”

“जायचंय ना त्याला! मागून हाका मारत बसलात तर जाईल कसा? तुमच्याकडे?”

“आम्ही फोटो मोठा करून भिंतीवर लावतो. हार घालतो.”

“अरेरे,” ते हसले, “म्हणजे मेल्यावरही सुट्टी नाही!”

रस्ता मोकळा झाला. थोड्या वेळानं, काचेबाहेर बघत, ते अगदी खालच्या आवाजात गाऊ लागले. संपल्यावर म्हणाले, “आईचं आहे. हे स्टेजवर नाही गात मी.” पहिल्याच ओळीला मी फोनचं बटण दाबलं होतं. तेव्हा सांगून पुसता आलं असतं. मी फोन तसाच खिशात सरकवला.

दौरा संपवून ते घरी गेले आणि वर्षभरात वारले. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना श्रद्धांजली वाहायचं ठरलं. सेक्रेटरीबाईंनी मला विचारलं, “अहो, तुमच्याकडे काही आहे का त्यांचं? तुम्हीच तर फिरवलंत त्यांना.”

मला सगळं आठवत होतं. तरी ते रेकॉर्डिंग दिलं.

फोटो मोठा केला होता, त्याला झेंडूचा हार, पुढे समई. स्पीकरवरून त्यांच्या आईचं गाणं हॉलभर घुमलं. सगळे उभे राहिले. नंतर बायका डोळे पुसत माझ्याकडे आल्या, पुरुषांनी हात हातात घेतला. “केवढं जपलंत हो तुम्ही!” इतक्या दिवसांत माझा हात कुणी धरला नव्हता. खरं सांगायचं तर त्यासाठीच दिलं होतं.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ मंडळाच्या फेसबुक पानावर टाकला. हिंडत हिंडत तो त्यांच्या बहिणीपर्यंत पोचला. त्यांच्याकडे माझा नंबर होता, भावानंच दिलेला. फोन आला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, “ते गाणं कुठे आणि कुणापुढे म्हणायचं, हे आमच्या घरात ठरतं. तुमच्यात कुणाकडे आहे ते रेकॉर्डिंग?”

मी म्हणालो, “कुणीतरी मंडळातलं असेल. बघतो मी.”

व्हिडिओ मी पानावरून काढून टाकायला लावला. त्यांनी आभार मानले. म्हणाल्या, “तू भला माणूस आहेस, असं तो म्हणायचा.” त्यांनी भावाचं नाव एकदाही घेतलं नाही. पुढे मीही फोन केला नाही, आणि मंडळातल्या कुणावर त्यांचा संशय गेला असेल, तेही विचारलं नाही.

याहून वाईट ते पुढेच. रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. कामावर जाताना गाडीत लावतो. शेजारच्या सीटवर कुणी नसतं, तेवढाच एक माणसाचा आवाज. त्यांना जाऊ न देणारा मीच आहे.

त्या बाईंना फोन करून ‘तो मीच’ हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे. ते गाणं त्यांच्या हवाली करून माझ्याकडचं पुसणंही बाकी आहे.