अकरावं प्रकरण

लायडनमधल्या आमच्या प्रकाशनगृहात साफिया लातार एकतीस वर्षं प्रुफं वाचत होती. समुद्राचे, युद्धाचे, तहांचे जुने कायदेग्रंथ आम्ही आजच्या वाचकांसाठी नव्यानं छापतो. मी छपाईसाठी पानं जुळवायचो, ती तपासायची. कॉलेजची पायरी ती चढली नव्हती. लॅटिन शिकली ती प्रुफं वाचता वाचताच. प्राध्यापकांच्या चुका काढताना तिच्या चेहऱ्यावर वेगळीच चमक यायची.

तिचा जन्म फ्रीसलंडमधल्या छावणीतला. वडील आम्हा डचांच्या पूर्वेकडच्या वसाहतीच्या सैन्यात होते. वसाहत स्वतंत्र झाल्यावर त्या मोलुक्कन, म्हणजे तिथल्या मसाल्याच्या बेटांवरच्या, शिपायांना सरकारनं थोड्या महिन्यांसाठी म्हणून बोटीनं इथं आणलं आणि तसंच ठेवलं. पण घराण्याचं मूळ बांदा बेटांवरचं, जायफळाच्या बेटांवरचं. १६२१ साली डच व्यापारी कंपनीच्या सैन्यानं माणसं मारून, पकडून नेऊन ती बेटं ओस पाडली, तेव्हा होड्यांतून निसटलेल्या थोड्यांमध्ये तिचे पूर्वज होते. हे ती क्वचितच सांगे, तेही डब्यातला भात चिवडत, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

२००९ साली आम्ही त्या १६२१च्याच काळातल्या एका डच पंडिताचा ग्रंथ काढायला घेतला. लॅटिनमधून भाषांतर माख्टेल्ड हूखलांट या निवृत्त प्राध्यापिकेचं. समुद्र सर्वांचा आहे, असं पंडितानं पहिल्या दहा प्रकरणांत मोठ्या थाटात मांडलं होतं. अकराव्यात मात्र त्याचा सूर बदलला. बांदाच्या लोकांनी जायफळ फक्त कंपनीला विकायचा करार मोडला, म्हणून त्यांना मिळालेली शिक्षा न्याय्यच, असं त्यानं मुद्देसूद सिद्ध केलं होतं.

आमचे संचालक रोएलॉफ ब्राउवर यांनी मला ते प्रकरण काढून पुढच्या प्रकरणांचे आकडे एकेकानं मागे सरकवायला सांगितलं. मी निमूट सरकवले.

साफियाच्या ते पाच मिनिटांत लक्षात आलं.

"हेन्क, अकरावं कुठं गेलं?"

"वरून हुकूम आला."

"आणि तू कात्री चालवलीस? शाब्बास!"

ती तडक ब्राउवरांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेलो, कारण लाज वाटत होती.

"साफिया, तुमच्यासाठीच केलं मी," ब्राउवर म्हणाले. "फार वाईट आहे ते प्रकरण. आजच्या वाचकाला सहन होणार नाही."

"आजच्या वाचकाला? ज्यांच्यावर बेतलं त्यांनी सहन केलं, आणि याला नुसतं वाचवत नाही?"

"बरं, मागे परिशिष्टात टाकू. बारीक टायपात."

"दहा प्रकरणं मोठ्या टायपात शहाणपण, आणि गळा कापला ते बारीक टायपात? जिथं लिहिलंय तिथंच राहील."

"मग तुम्ही छोटीशी प्रस्तावना लिहा. तुमच्या घराण्याचं दुःख..."

"तुम्ही डच लोक उकडलेल्या फ्लॉवरवर जायफळ किसता ना, तसं माझं दुःख वरून भुरभुरायचंय का? मला नाही लिहायचं. त्या पंडितालाच बोलू द्या. त्याच्या तोंडूनच कळू दे लोकांना."

आमच्याकडे शेवटच्या प्रुफावर तपासनिसाची सही लागते. तिनं सही न करता पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं. ब्राउवरांनी बाहेरच्या माणसाकडून सही आणायचं ठरवलं. त्याच दुपारी साफिया सायकल काढून हूखलांटबाईंच्या घरी गेली. बाईंना या काटछाटीचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काठी टेकत कचेरीत हजर झाल्या.

"रोएलॉफ, करार वाचलायस का? माझ्या परवानगीशिवाय एक ओळ गाळलीस तर अख्खं भाषांतर परत घेईन. आणि या बाईला कामावरून हलवलंस, तरी तेच."

ब्राउवरांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी बाहेरची सही रद्द केली. मी अकरावं प्रकरण जागेवर आणलं. साफियानं ते ओळ न ओळ तपासलं. एका ठिकाणी हूखलांटबाईंनी 'कठोर' असं सौम्य भाषांतर केलं होतं. तिनं मूळ शब्द दाखवून तिथं 'निर्दय' करून घेतलं, आणि मग सही केली.

पुस्तक निघालं. आभारांच्या पानावर माझंसुद्धा नाव होतं, तिचं नव्हतं. प्रकाशनाचं बोलावणंही तिला आलं नाही. मी चिडलो, तर म्हणाली, "नाव नको रे मला. पानं आली ना?"

तिनं स्वतःच्या पैशांनी एक प्रत घेतली आणि मोलुक्कन वस्तीच्या सभागृहात जाऊन म्हाताऱ्यांना ते प्रकरण त्यांच्या मलाय भाषेत वाचून दाखवलं. गाडी मी चालवली होती. वाचून झालं. मग तिच्या चुलत आजोबांनी, हामिसबाबांनी विचारलं, "पोरी, मेलेल्यांची नावं कुठं आहेत?"

"एकही नाही, बाबा. जायफळाचा भाव तेवढा दोनदा आहे."

बाबांनी पूर्वजांची नावं घ्यायला सुरुवात केली. ते अडखळले की दुसरं कुणी पुढं सांगायचं. साफिया तिथंच, समासात, लाल पेन्सिलीनं ती लिहीत गेली. सव्वीस नावं झाली.

पुढच्या आठवड्यात तिनं ती प्रत ग्रंथालयाला भेट द्यायला नेली. ग्रंथपालानं पानं उलटली.

"बाई, पुस्तकात कुणीतरी खरडलंय."

"खरडलं नाही," साफिया म्हणाली. "गाळलेला मजकूर घातलाय. तो माझा धंदा आहे. नोंद करून घ्या."

तो घोटाळला. ती काउंटरपाशी उभीच राहिली. मागं रांग वाढली, तरी जागची हलली नाही. शेवटी त्यानं शिक्का उचलला.