चौथीतल्या पोरीला घातलेलं गणित

त्याने माझ्या मुलीला फसवलं, आणि मी शेजारी बसून बघत होतो.

ऑनलाइन क्लास विकणारा तो माणूस आमच्याच गल्लीत राहतो. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, दर वाक्यामागे कानडीतलं "सरी अण्णा", म्हणजे 'बरं, दादा'. शिवाजीनगरात स्पेअर पार्ट विकून मी दुकान उभं केलं; भावात मला कोणी गुंडाळत नाही. म्हणून त्याने भाव काढलाच नाही. चौथीतल्या चिन्नूला हसत एक गणित घातलं आणि गप्प बसला. तसं गप्प बसणं त्यालाच जमतं. तिला येईना. मी ओरडलो, "एवढंही येत नाही?" तो म्हणाला, "स्वल्प मागे आहे अण्णा, इतकंच." मी घासाघीस न करता वर्षाची फी भरली.

त्याला तीन वर्षं झाली. परवा चिन्नू तिचं सातवीचं पुस्तक घेऊन दुकानात आली. "अप्पा, तेच गणित. हे आम्हाला आत्ता शिकवतायत."

चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं. तो कपाकडे बघत म्हणाला, "कंपनीच तसं शिकवते अण्णा. आईबाप घाबरले की क्लास विकला जातो."

मग कोरमंगल्यातल्या त्या कंपनीच्या मालकाने माझ्या दुकानात येऊन सांगावं: उत्तर येत असूनही माझी पोर आधी माझ्या तोंडाकडे बघते, त्याचं काय करायचं?